तेच गाणे

महाविद्यालयात साहित्य शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली. होमरच्या अभ्यासकांपैकी एकाचे नाव वर्गात उच्चारताना मात्र दरवेळी मन थोडे ओशाळे होई. ते नाव मिल्मन पॅरी याचे.

१९०२ साली जन्मलेल्या या अमेरिकन विद्वानाने १९२८ मध्ये पॅरिस येथे आपले प्रबंध सादर केले. इलियड व ओडिसी या काव्यांत वीरांची तीच तीच विशेषणे पुनःपुन्हा येतात, ती कवीच्या दारिद्र्यामुळे नव्हे. वृत्तातील ठराविक जागी चपखल बसणारी ती पिढ्यान्‌पिढ्या घडलेली शब्दसंपत्ती आहे, असे त्याने दाखविले. पण केवळ ग्रंथांवर त्याचे समाधान होईना. काव्य गाता गाताच रचणारा जिवंत गायक ऐकावा, म्हणून हार्वर्डचा हा अध्यापक १९३३ साली युगोस्लाव्हियात गेला. १९३४-३५ च्या दुसऱ्या यात्रेत ध्वनिमुद्रणाचे यंत्र व आल्बर्ट लॉर्ड हा तरुण शिष्य त्याच्यासोबत होता.

तेथील अव्दो मेजेदोविच हा गायक निरक्षर. त्याने पूर्वी न ऐकलेले एक गीत दुसऱ्या गायकाकडून त्याला ऐकविले व लगेच गावयास सांगितले. त्याच्या मुखी ते जवळजवळ तिपटीने वाढले! दुसरा एक गायक पॅरीला निक्षून सांगे की, ऐकलेले गीत आपण शब्दशः तसेच गातो. प्रत्यक्षात शब्द बदललेले असत. त्याच्या लेखी ‘तेच’ म्हणजे तीच कथा, तोच क्रम, तीच निष्ठा.

१९३५ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी पॅरी गेला. लॉर्डने ते कार्य पुढे नेले. त्याच्या १९६० च्या ग्रंथात हा प्रसंग प्रथम वाचला, तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो.

माझी आजी पहाटे जात्यावर सीतेच्या ओव्या म्हणत असे. शाळेत नुकताच शहाणा झालेला मी एके दिवशी वही घेऊन बसलो आणि म्हणालो, “आजी, तू चुकलीस. काल निराळे म्हटले होतेस.”

ती म्हणाली, “तेच म्हटलं की रे बाळा!”

मी कालची ओवी वाचून दाखविली. तिने निमूटपणे खुंटा धरला. त्यानंतर मी जवळ असलो म्हणजे जात्याची घरघर तेवढी ऐकू येई.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. तीत दोन ओव्या आहेत. तिसरी उतरून घेण्याची संधी मला मिळाली नाही.