तिरुविडैमरुदूरचा ओदुवार

देवळं बघायला माझी हरकत नसते, मोजायला असते. म्हणून मुलुंडच्या आमच्या इमारतीतल्या मामींनी कावेरीकाठच्या यात्रेचं विचारलं, तेव्हा मी आधी त्यांची वही पाहिली आणि धसकले. वहीत 276 देवळांची नावं आणि प्रत्येकासमोर बरोबरची खूण करायला चौकट. सातव्या-आठव्या शतकांत संबंदर, अप्पर आणि सुंदरर हे शैव संत तमिळ मुलखात गावोगाव हिंडले आणि तिथल्या तिथल्या शिवावर पदं गायले. ती पदं म्हणजे तेवारम, आणि ज्या देवळांवर ती गायली गेली ती मामींच्या वहीत. केदारनाथ, श्रीशैलम, आपल्या जवळचं गोकर्ण अशी मोजकी लांबची सोडली तर बाकी बहुतेक तमिळनाडूत, त्यातही निम्म्याहून जास्त कावेरीच्या दोन तीरांवर.

वहीत नाही ते मामींच्या हिशेबात नाही. तंजावरचं बृहदीश्वर राजराज चोळाने 1010 मध्ये पुरं केलं. तोवर तिघे संत जाऊन शतकं लोटली होती, म्हणून ते वहीत नाही. ‘‘मोठं आहे, बघून ये तू,’’ म्हणत मामी बसमध्येच बसून राहिल्या. सरफोजीराजांनी 1803 मध्ये तिथल्या भिंतीवर कोरवून घेतलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास मी पाहून आले. मग मामींना जरा डिवचलं. त्याच देवळात तेवारम गायला राजराजाने 48 गवई नेमल्याचा शिलालेख आहे, आणि चिदंबरमला वाळवीच्या तोंडून ही पदं सोडवल्याचं श्रेयही परंपरा त्यालाच देते. मामी शांतपणे म्हणाल्या, ‘‘गाणारे नेमले ना? पण त्या देवळावर तिघांचं गाणं कुठे आहे?’’

चिदंबरम, सीर्काळी, वैदीश्वरन कोविल एका दिवसात उरकली. तिरुवारूरचं कमलालय तळं बघत मी तासभर बसले असते, बसू दिलं नाही. कुंभकोणमच्या कॉफीबद्दल ऐकलं ते सगळं खरं आहे.

या घाईचं कारण एकच. इथली देवळं दुपारी बाराच्या सुमाराला बंद होतात ती चारला उघडतात. त्यामुळे सकाळी आमचे म्होरके, घाटकोपरचे एक निवृत्त बँकवाले, आम्हाला अक्षरशः हाकत. उतरा, चपला काढा, दर्शन, प्रदक्षिणा, विभूती, बसा. मामींची खूण झाली की गाडी सुटलीच. ज्या पदांपायी ही यात्रा, ती कुठे ऐकू येतात असं मी विचारलं, तेव्हा म्होरके म्हणाले, ‘‘यूट्यूबवर आहेत सगळी.’’

कुंभकोणमहून मायिलाडुदुरैच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात तिरुविडैमरुदूर येतं. इथला देव महालिंगस्वामी. देऊळ अवाढव्य, पूर्वेच्या गोपुरातून आत गेलं तरी देव बराच लांब. मंडळी झपाझप पुढे गेली. मी सगळ्यात मागे. आणि आतून झांजेचा बारीक ठेका आला.

गाभाऱ्यासमोर एका बाजूला साठीचा, सडसडीत माणूस उभा होता. उघडं अंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात झांज. हा ओदुवार, देवळात तेवारम म्हणणारा. ही पदं ठरलेल्या पण्णांत, म्हणजे जुन्या तमिळ रागांत गायची असतात. माझा कान नाट्यसंगीतावर पोसलेला. तान आली नाही की मला गाणं सुरूच झालं नाही असं वाटतं. याने एकही तान घेतली नाही. काहीसा बिलावलाच्या अंगाचा सूर, पण जास्त दबका, आणि प्रत्येक शब्द नीट सोललेल्या लसणीसारखा स्वच्छ. मला शब्दांचा अर्थ कळत नव्हता. तरी तो देवाची स्तुती करत नाहीये, देवाशी बोलतोय, हे कळत होतं. पंढरपूरला गरुडखांबापाशी एखादा म्हातारा वारकरी विठोबाला एकट्याने काही सांगत असतो, तसलं बोलणं. त्याच्यासमोरून दर्शनाची रांग सरकत होती. थांबलं कोणीच नाही.

पद संपल्यावर त्याने मला न्याहाळलं आणि कुठून आलात विचारलं. मामी परत मला शोधत आल्या होत्या, त्यांनी सांगितलं, ‘‘मुंबई. ही मराठी.’’ तो एकदम हसला आणि आम्हाला मंडपात एका पितळी मूर्तीपुढे घेऊन गेला. जेमतेम चार फुटांची एक बाई, हातात दिवा धरून उभी. मामींनी तिच्या पायथ्याची तमिळ अक्षरं अडखळत वाचली. ओदुवार मधल्या जागा भरत गेला. ही तंजावरच्या मराठी राजघराण्यातली अम्मणी. मामेभाऊ प्रतापसिंहावर तिचं मन. लग्न झालं तर लाख दिवे लावीन असा नवस महालिंगस्वामीला बोलली. झालं लग्न. लाख दिवे लावले, आणि त्यांतला एक दिवा म्हणून स्वतःची ही मूर्ती घडवून इथे उभी केली. साल 1853. पुढे दोनच वर्षांत तंजावरचे शेवटचे राजे वारले आणि कंपनीने गादीच खालसा केली.

मराठी मुलीचा नवस, तमिळ देवाला, तमिळ लिपीत. तंजावरच्या भिंतीवरच्या त्या लांबलचक वंशावळीपेक्षा मला ही बाई जवळची वाटली. राजांनी आपण कोण ते लिहिलं. हिने आपल्याला काय हवं होतं ते लिहिलं.

‘‘मी सकाळ-संध्याकाळ गातो,’’ ओदुवार म्हणाला. ‘‘आजारी पडलो तर रजा घेतो. ऐकणारी मात्र रजा घेत नाही.’’ मग मामींकडे वळून त्याने काहीतरी विचारलं. मामी गोऱ्यामोऱ्या झाल्या. नंतर सांगितलं, त्यांच्या वहीतल्या किती देवळांची पदं त्यांना येतात, असं त्याने विचारलं होतं. मामी छेडानगरच्या मुरुगनच्या देवळात शिकलेल्या, आवाज अजून चांगला. ‘‘तीस-चाळीस,’’ त्या पुटपुटल्या.

बाहेर पडताना नवाच घोळ. घोड्याच्या टापांखाली एक ब्राह्मण मेला म्हणून वरगुण पांड्याच्या मागे ब्रह्महत्या लागली. तो पूर्वेच्या दाराने आत आला, ती दाराशीच अडली, आणि देवाने त्याला दुसऱ्या दाराने पाठवलं. ती अजून पूर्वेला वाट बघत बसली आहे, म्हणून आल्या दाराने परत जायचं नाही. आमच्या चपला पूर्वेलाच. मी म्हटलं, मामी, आपण कोणाला मारलेलं नाही. ‘‘आपल्याला काय माहीत?’’ मामी म्हणाल्या, आणि तापलेल्या रस्त्यावरून बाहेरून वळसा घालत आम्ही अनवाणी निघालो.

बसपाशी म्होरके घड्याळ दाखवत उभे. पुढचं तिरुवावडुदुरै गाठलं तेव्हा दार नुकतंच लागलं होतं. बसमध्ये कुरकुर सुरू झाली, नजरा माझ्यावर. तेवढ्यात मामींनी गळा साफ केला आणि तिथलंच पद धरलं. वडिलांच्या यज्ञाला पैसे हवेत म्हणून पोरसवदा संबंदर इथे शिवाला जाब विचारतो, मला सांभाळायची ही कुठली रीत. आणि हजार मोहरांची थैली पदरात पाडून घेतो, अशी त्याची कथा. मागच्या सीटवरून दोघींनी सूर लावला. शेवटी घाटकोपरचा एक बेसूर आवाजही मिसळला.

पद संपल्यावर मामींनी वही उघडून तिरुवावडुदुरैच्या चौकटीत खूण केली. म्होरके उसळले, ‘‘दर्शन कुठे झालं?’’

‘‘गाणं झालं ना,’’ मामी म्हणाल्या.

ही खूण धरायची की नाही, यावर बस मायिलाडुदुरैपर्यंत भांडत गेली. मी मामींच्या बाजूने.