पुडीतल्या गोळीचे नाव विचारा

स्टिरॉइड म्हटले की आपल्या वस्तीत दोन वाक्ये ऐकू येतात. पहिले, "ते नको, शरीर पोखरते." दुसरे, "अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, एका पुडीत माणूस उठून कामाला जातो." पुष्कळदा दोन्ही वाक्ये एकच माणूस बोलतो. त्या गुणकारी पुडीत स्टिरॉइडच आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या गल्ल्यांत आम्ही काम करतो. गाळ्यांत शिवणकाम, पॅकिंग, सुटे भाग घासण्याचे काम चालते. हात चालला तर मजुरी, खाडा झाला तर नाही. अशा ठिकाणी बोटे सुजणे हा आजार राहत नाही, तो रोजीचा प्रश्न होतो. बॅगा शिवणाऱ्या एका ताईंची बोटे सकाळी तास-दीड तास वळायची नाहीत. गल्लीतल्या दवाखान्यातून कागदात बांधलेल्या तीन-चार सुट्या गोळ्या मिळायच्या. दुसऱ्या दिवशी दुखणे गायब. असे दीड-दोन वर्षे चालले. चेहरा गोल झाला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "तब्येत सुधारली गं तुझी." पुढे साखर वाढली, जिना चढताना मांड्यांतली ताकद गेली आणि दुखणे पुडीलाही ऐकेना.

त्यांना झाला होता रुमेटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची रोगाशी लढणारी फौज स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते, असा हा आजार. स्टिरॉइड त्या फौजेला झपाट्याने शांत करते. पण एकट्या त्याच्या जोरावर वर्षानुवर्षे काढली तर एकीकडे आजार सांधे खात राहतो आणि दुसरीकडे औषध हाडे ठिसूळ करते, साखर चढवते, मोतीबिंदू लवकर आणते, दबलेला टीबी उठवते. टीबीचे नाव मुंबईच्या वस्तीत कोणाला नवे नाही.

म्हणून स्टिरॉइड हे विष, असा निष्कर्ष काढायचा का? आम्ही तो काढत नाही. हे औषध मुळात आपल्याच शरीरातल्या रसाची नक्कल आहे. मूत्रपिंडावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी तो रोज तयार करतात. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी आखडलेल्या सांध्यांच्या एका बाईला कोर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली त्यांना नोबेल मिळाले. औषध मात्र बैलाच्या पित्तापासून, तीसहून अधिक पायऱ्या चढून बनत होते. ते गरिबापर्यंत पोचणे शक्यच नव्हते.

ते स्वस्त करण्यात ज्यांचा हात लागला त्यांत पर्सी ज्युलियन हे नाव आपल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक असायला हवे. ज्युलियन म्हणजे गुलामाचा नातू. आजोबा लिहायला-वाचायला शिकले म्हणून मालकाने त्यांची बोटे छाटली, अशी त्या घरातली हकिकत. ज्या डिपॉ विद्यापीठात ज्युलियन पहिले आले, त्याच विद्यापीठाने पुढे काळा म्हणून प्राध्यापकपद नाकारले. ॲपलटन गावच्या संस्थेतली नोकरी हुकली, कारण काळ्या माणसाला रात्री गावात ठेवायला तिथे मनाई होती. बडोद्यात पारशी सरायीतून बाबासाहेबांना बाहेर काढले गेले तो प्रसंग वाचलेल्यांना यावर वेगळे भाष्य नको. याच ज्युलियननी १९४९ साली सोयाबीनपासून कोर्टिसोनच्या अगदी जवळचे, एकच ऑक्सिजनचा अणू कमी असलेले रसायन स्वस्तात बनवण्याची वाट दाखवली. पुढे अपजॉन कंपनीतल्या संशोधकांनी बुरशीकडून तो अणू बसवून घेण्याची युक्ती शोधली आणि किमती कोसळल्या. ज्युलियन यांनी शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये घर घेतले, तर १९५० साली ते पेटवायचा प्रयत्न झाला आणि पुढच्या वर्षी त्यावर डायनामाइट फेकले गेले.

म्हणजे औषध स्वस्त झाले. आमचा आक्षेप त्यापुढचा आहे. आपल्यापर्यंत फक्त स्वस्त गोळी आली, तिच्यासोबतचे ज्ञान आले नाही. सधन रुग्णाला हेच प्रेडनिसोलोन मिळते, पण तपासणी करून, मोजक्या दिवसांसाठी, सोबत मेथोट्रेक्सेट किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू करून. ही औषधे सावकाश काम करतात, दीड-तीन महिने घेतात, पण सांधा वाचवतात. तीही स्वस्तच आहेत, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती वस्तीत का येत नाहीत? कारण त्यांच्यासाठी रक्त तपासावे लागते, रुग्णाला समजावून सांगावे लागते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतले तर जीव जाऊ शकतो. इतके बोलायला वेळ लागतो. पुडीला लागत नाही.

त्यात भर 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांची. त्यात गुपचूप स्टिरॉइड मिसळल्याचे वेळोवेळी उघड झाले आहे. आणि गोरे करणाऱ्या मलमांची. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी दुकानात सहज मिळतात. रंगाची लाज कोणी शिकवली, ते इथे सांगत बसत नाही.

उलट बाजूची अंधश्रद्धाही सोडू नये. दम्याच्या मुलाला पंप देऊ नका, सवय लागते, असे शिकले-सवरलेलेही सांगतात. पंपातले स्टिरॉइड अगदी थोडे आणि थेट श्वासनळीत जाते. पंप टाळून त्याच मुलाला वारंवार सुया टोचून आणल्या जातात, त्यात कितीतरी जास्त जाते.

१४ एप्रिलला आपल्याकडे आरोग्य शिबिरे होतात. बीपी, साखर, फोटो, बॅनर. त्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल लावा. "तुम्ही घेता त्या गोळ्या घेऊन या, नावे वाचून देतो," एवढाच फलक. सुटी गोळी असेल तर दवाखान्यात परत जाऊन नाव लिहून मागायचे, एकट्याने जमत नसेल तर दोघांनी सोबत जायचे. डॉक्टरांच्या आचारसंहितेतच औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे लिहायला सांगितले आहे, आणि मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यायला. ही मेहेरबानी नाही.

प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन ही नावे विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. त्याखाली दुसरी ओळ तितक्याच मोठ्या अक्षरांत हवी: खूप दिवस घेत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका. बाहेरून गोळी येत राहिली की ग्रंथी झोपी जातात. अचानक तोडली तर उलट्या, चक्कर, बीपी खाली, कधी प्राणावर बेतते. गोळ्या आणि जुने कागद घेऊन राजावाडी, सायन किंवा केईएमला केस पेपर काढा आणि पहिले वाक्य हेच सांगा: "मी इतके महिने स्टिरॉइड घेत आहे."