मागच्या कव्हरवरची माणसं

खरं सांगते, 'मलपृष्ठ' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी लायब्ररीत एकटीच फिदीफिदी हसले होते. कॉन्व्हेंटमध्ये अख्खं बालपण काढलेल्या मुलीकडून आणखी कसली अपेक्षा करणार? आमच्या शाळेत मराठी म्हणजे थर्ड लँग्वेज. एकोणसत्तर मोठे की एकोणऐंशी, हे मला अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत करून बघावं लागतं. तुमच्या हातात हा लेख शुद्ध स्वरूपात पडला असेल तर त्याचं श्रेय मराठी विभाग बघणाऱ्या सरांच्या लाल पेनाला द्या.

तर मलपृष्ठ म्हणजे पुस्तकाचं मागचं कव्हर. आपल्या लायब्ररीत जुन्या जर्नल्सच्या मागे मराठीचं एकच कपाट आहे, काचेचं, एक दार अडकणारं. मागच्या पी.एल.मध्ये अभ्यासाचा कंटाळा आला की मी तिथे जाऊन उभी राहायचे. पुस्तक वाचायचा धीर नव्हता (जोडाक्षरं!), म्हणून नुसती मागची कव्हरं आणि लेखकाची माहिती वाचायचे. एखादं नाव आवडलं तर रूमवर येऊन त्याच्याबद्दल आणखी शोधायचं. सिग्नल्स अँड सिस्टिम्सचं जे काय व्हायचं ते झालंच, पण ते नंतर.

लेखक म्हणजे कोण, याचं माझ्या डोक्यात एक पक्कं चित्र होतं. खिडकीजवळ टेबल, खिडकीबाहेर डॅफोडिल्स, आणि टेबलाशी एक गोरा माणूस, ज्याला दुसरं काहीच काम नाही. त्या कपाटाने ते चित्र पार मोडून टाकलं. ज्यांची वाक्यं आपल्या बॉइज हॉस्टेलची निम्मी मुलं स्टेटसला टाकतात, ते व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट होते. दिवसभर नकाशे, संध्याकाळी कथाकथन. श्री. ना. पेंडसे 'गारंबीचा बापू' लिहिणारे, म्हणजे कोकणात नारळाखाली बसलेले असणार असं मला वाटलेलं. ते नोकरीला होते बेस्टमध्ये. हो, लाल बसवाली बेस्ट! नाटककार सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायचे. नामदेव ढसाळांनी मुंबईत टॅक्सी चालवली आणि १९७२ साली 'गोलपिठा' काढलं.

नारायण सुर्व्यांपाशी मात्र मी थांबले. रस्त्यावर सापडलेलं तान्हं बाळ, ते गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने घरी नेलं आणि आपलं नाव दिलं. मोठेपणी त्या बाळाने गिरणीत काम केलं, महापालिकेच्या शाळेत शिपायाचं काम केलं, आणि पुढे शाळेतच मास्तर झालं. त्यांच्या एका कवितासंग्रहाचं नाव 'माझे विद्यापीठ', साल १९६६. मी ते नाव वाचलं आणि माझ्या गळ्यातल्या आय-कार्डाकडे बघितलं. फी किती, हे इथे लिहीत नाही.

माझ्यासारख्या दोन भाषांत अडकलेल्यांसाठीही एक जण सापडले, अरुण कोलटकर. जे. जे. मधे शिकलेले, जाहिरातींच्या धंद्यात चित्रं आणि डिझाइन करून पोट भरणारे. इंग्रजीत लिहिलेलं 'जेजुरी' १९७६ साली आलं आणि 'भिजकी वही' मराठीत. दोन्ही भाषा घरच्याच. हे कसं जमतं देव जाणे. मला तर दोन्ही पाहुण्यांसारख्या वाटतात.

जयंत नारळीकर तुम्हाला माहीत आहेतच, त्यामुळे फार लिहीत नाही. एकच गोष्ट. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज.! एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण आपल्या नावामुळे बक्षीस मिळू नये म्हणून नाव लपवलं. २०२५ च्या मेमध्ये ते गेले तेव्हा मेसमध्ये हे सांगितलं तर रूममेट म्हणाली, "आपण नाव टाकूनही बक्षीस मिळत नाही."

नाव लपवण्यावरून आठवलं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

त्या कपाटात दि. बा. मोकाशी सापडले. जन्म १९१५, गाव उरण. व्यवसाय: रेडिओ दुरुस्ती. मी दोनदा वाचलं. 'आनंदओवरी' ही तुकारामांवरची कादंबरी लिहिणारा, ज्ञानोबांच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर जाऊन १९६४ साली 'पालखी' हे पुस्तक काढणारा माणूस रेडिओ दुरुस्त करायचा!

आपण ई अँड टीसीवाले रेडिओ शिकतो तो अँटेनापासून. मिक्सर, मग ४५५ किलोहर्ट्झची आय.एफ., मग डिटेक्टर, शेवटी स्पीकर. दुरुस्ती करणारा बहुतेक वेळा उलटा जातो. आधी स्पीकर बोलतो का बघ, मग एकेक स्टेज मागे सरक, आवाज जिथे मरतो तिथे बोट ठेव. हे मला कुठल्या लॅबमध्ये कळलं नाही. लहानपणापासून बघत आलेय. माझ्या पप्पांचं गावात दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ आणि टेप, मग टी.व्ही., आता मिक्सर, इस्त्री, जे येईल ते. माझी कॉन्व्हेंटची फी त्या सोल्डरिंगच्या धुरातून निघाली.

कॉलेजच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय 'बिझनेस' लिहिला होता.

सेकंड इयरला असताना पप्पा स्पेअर पार्ट घ्यायला इकडे आले होते. जाता जाता डबा द्यायला हॉस्टेलवर आले. मी खाली येईपर्यंत त्यांनी गेटवरच्या वॉचमनकाकांचा बंद पडलेला रेडिओ उघडला होता, जमिनीवर उकिडवं बसून, दातात स्क्रू धरून. तेवढ्यात माझ्या फ्लोअरवरच्या तिघी बाहेरून आल्या. एकीने विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "आमच्या गावचे एक काका. डबा घेऊन आलेत."

पप्पा दोन हातांवर होते. त्यांनी वर बघितलं नाही. स्क्रू लावले, रेडिओ सुरू करून दाखवला, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "येतो मी. साडेचारची एस.टी. आहे." घरी गेल्यावर आईला काही सांगितलं नाही हे नक्की, कारण आईने मला सोडलं नसतं.

या गोष्टीला दीड वर्ष झालं.

मोकाशींची 'आमोद सुनासि आले' ही कथा मी त्या कपाटापाशी उभ्याने वाचली. (सुमित्रा भावे यांचा 'दिठी' हा सिनेमा या कथेवर आहे.) रामजी नावाचा लोहार, वर्षानुवर्षांचा वारकरी, त्याचा तरुण मुलगा पुरात गेलेला, आणि गावात एक गाय अडलेली. लोक बोलवायला येतात ते रामजीलाच, कारण ते काम त्याच्या हातांना येतं. पुढचं सांगत नाही, वाचा. मला वाचायला चार दिवस लागले, पण त्यातल्या हातांबद्दल मला एकही शब्द शोधावा लागला नाही.

त्या रविवारी फोन केला. सिग्नल्समध्ये के.टी. लागलीय हे आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मग म्हटलं, "पप्पा, एक मोठे लेखक होते, ते रेडिओ दुरुस्त करायचे."

"मग पैसे कशातून मिळायचे त्यांना?"

"रेडिओतून."

"मग बरोबर आहे," पप्पा म्हणाले. आणि लगेच, "के.टी.ची फी किती?"

वॉचमनकाकांच्या रेडिओबद्दल बोलायचं मी ठरवलं होतं. तोंडातून निघालं नाही. म्हणून इथे लिहिते. आपल्याकडे अंक घरी जातो, आणि आमच्या घरी मराठी वाचणारं माणूस म्हणजे पप्पाच. पप्पा, त्या दिवशी मी खोटं बोलले. त्या तिघींना मी मागच्या आठवड्यात खरं सांगितलं. एकीला आठवतही नव्हतं. दुसरीने तिचा हेअर ड्रायर तुमच्यासाठी काढून ठेवलाय.

'पालखी' मी सुट्टीत घरी ठेवून आले होते. दुकान बंद केल्यावर रोज थोडं वाचतात म्हणे. परवा त्यांचाच फोन आला.

"चाळीस पानं झाली गं. माणूस नुसता चालतोय. रेडिओचं कधी येतं?"