पंडितेने बाजूस ठेविलेले संस्कृत

आमच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटचे काही यवनही आहेत. परक्या कुळातील माणसांनी या भूमीत उपजलेल्या धर्मासाठी द्रव्य वेचिले, हे आम्ही पाहुण्यांस मोठ्या कौतुकाने दाखवितो. पण आपल्याच कुळातील एखाद्या बाईने परका धर्म स्वीकारला, की आमचे कौतुक आटते.

पंडिता रमाबाईंचे नाव माझ्या लहानपणी आमच्या घरी आवाज उतरवूनच घेतले जाई. वेदशास्त्र शिकून जी बाटली तिचा अपराध दुप्पट, असे आजोबांचे मत. त्याच घरात आजोबांची थोरली बहीण, बालविधवा, लाल आलवणात उभा जन्म चुलीपाशी काढीत होती. तिला अक्षरओळख नव्हती. मी शब्दरूपे म्हणत असता ती दाराआड निवडण-टिपण करीत ऐके, आणि माझे एखादे रूप चुकले की आतून दुरुस्त करी. रमाबाईंविषयी तिचे मत कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

पुढे मी स्वतः संस्कृत शिकविण्यात आयुष्य घालविले, आणि रमाबाईंचे चरित्र वाचू लागलो. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या, जन्म १८५८ चा. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत. मग दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण पाठोपाठ गेली. १८७८ साली कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. चारच वर्षांत वैधव्य आले, पदरी एक तान्ही मुलगी. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. तो का घेतला याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. मला ती गोष्ट आजही मनापासून पटत नाही. परंतु घेतलेली श्रद्धा त्यांनी कशी चालविली, हे पाहावयास हवे.

ती सुखाची नव्हती. मुंबईस १८८९ साली काढलेले शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. १८९३ साली त्यातील मुली ख्रिस्ती होतील म्हणून गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी अंग काढून घेतले, आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. पालकांची तक्रार अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण त्याच सदनातून गोदूबाई बाहेर पडल्या, त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि त्या हिंदूच राहिल्या, हेही विसरता येत नाही.

इकडे स्वकीय रुष्ट, तर तिकडे इंग्रज धर्मगुरूही पुरते संतुष्ट नव्हते. चर्चची सारी मते ही बाई मुकाट्याने मानीना. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतापेक्षा अधिक पवित्र असे काय आहे, असा सवाल तिने तेथील भगिनींस केला होता. संस्कृतज्ञाचा अभिमान बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेला नव्हता तर!

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतः दुष्काळात होरपळलेली ही बाई मध्यप्रांतात गेली आणि शेकडो निराधार मुली व विधवा घेऊन आली. पुण्यात प्लेगमुळे त्यांस ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर नेले. तेच 'मुक्ती'. गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेथे आता जातीचा प्रश्न उरला नाही. अन्न, आजार, विहिरी, कपडे यांचाच उरला. मुली विणू लागल्या, घाणा चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. आंधळ्यांना मनोरमाबाई, म्हणजे रमाबाईंची कन्या, ब्रेल लिपी शिकवीत.

याच छापखान्यासाठी रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि त्यात संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. नुकत्याच अक्षरे लावू लागलेल्या बाईस ते कळावे, एवढाच हेतू. मी ते भाषांतर चाळले आहे. ते शब्दशः आहे, ठिकठिकाणी अडखळते. गोड मराठी म्हणून मी कोणास त्याची शिफारस करणार नाही. परंतु ज्या भाषेने पदवी दिली, जिच्यासाठी क्रुसावरून वाद घातला, ती या बाईने पोरक्या मुलींसाठी लेखणीतून उतरवून ठेविली. घर सुटणे, लोकनिंदा सोसणे यांपेक्षा मला हे अधिक कठीण वाटते. मला स्वतःला आयुष्यभर एक पत्रसुद्धा तत्सम शब्दांवाचून लिहिता आलेले नाही. (आमच्या लेण्यातील दात्यांनीही आपले लेख प्राकृतातच कोरविले, हे जाता जाता सांगतो.)

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्थेची पुढची धुरा त्यांच्यावरच सोपवावयाची होती. रमाबाईंस तोवर ऐकूही फारसे येत नव्हते. तरी मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. आयुष्याच्या अखेरच्या दिवसांपर्यंत ते चालू होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावीच छापून निघाला. त्याचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळविले होते.