डबी नवी, आतलं तेच

मैत्रिणींनो, देवाधर्माच्या वस्तूंची कुणी थोडी गंमत केलेली तुम्हांला चालते का? लगेच 'छे, छे' म्हणू नका. आधी माझं ऐकून घ्या.

आमचं खामगाव चांदीसाठी नावाजलेलं. निरांजनं, करंडे, समया घ्यायला लांबलांबून लोक येतात. दुकानात घटकाभर बसलात की एकच वाक्य दहादा कानावर पडतं, "आईकडे होतं ना, अगदी तसंच दाखवा." नक्षीतली एक पाकळी इकडची तिकडे झालेली आपल्याला खपत नाही. अशा गावात राहून सिओना बेंजामिन यांची चित्रं पाहिली, की नजर अडखळतेच!

सिओनाबाई १९६० साली मुंबईत जन्मल्या. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी न चुकता घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर अशी, घरात मराठी. १९४८ नंतर त्यांची बरीचशी घरं इस्राएलला गेली. सिओनाबाई शिकल्या ख्रिस्ती आणि पारशी शाळांत, मग जे. जे. कलाशाळेत, पुढे अमेरिकेत, आणि तिथेच न्यू जर्सीत स्थायिक झाल्या. आजीने शब्बाथला लावलेले तेलाचे दिवे आणि मखमल-चांदीने मढवलेले तोराचे ग्रंथ त्यांच्या आठवणीत घर करून आहेत.

आता त्यांनी या वस्तूंचं काय केलं पाहा. मेनोरा म्हणजे ज्यूंची सात फांद्यांची समई. त्यांच्या 'तिक्कुन हा-ओलाम' (२०००) या चित्रात एका निळ्या बाईलाच त्यांनी मेनोरा केलंय! आपल्या देवीसारखे तिला अनेक हात, आणि ते हात म्हणजेच समईच्या फांद्या. नावाचा अर्थ 'जगाची डागडुजी'. ज्यू लोककथांत आदमची पहिली बायको लिलिथ. तिला त्या पोरांच्या चित्रकथेतल्यासारखी रंगवतात, तोंडाजवळ फुगा आणि फुग्यात संवाद! बाया निळ्या का? तर आभाळ नि समुद्राचा रंग कुठल्याच एका देशाचा नसतो, म्हणून.

यात धर्माचा अपमान होतो का? मला वाटतं, उत्तर त्यांच्याच रिवाजात आहे. ज्यू घराच्या दाराच्या चौकटीला एक छोटी डबी लावलेली असते, मेझुझा. आत चर्मपत्राची गुंडाळी आणि तिच्यावर हाताने लिहिलेली धर्मवचनं. त्यातलं एक अक्षर चुकलं तरी ती गुंडाळी बाद. पण डबी? ती चांदीची करा, लाकडाची करा, माशाच्या आकाराची करा, कुणी विचारत नाही. हनुक्काच्या दिव्यांचंही तसंच. आठ ज्योती एका ओळीत आणि पेटवायची नववी जरा वेगळी, एवढं सांभाळलं की बाकी कारागिराची मर्जी. म्हणजे काय हलवायचं नाही हे पक्कं ठरलेलं, आणि म्हणूनच बाकीच्यात मोकळीक.

आणि हे काही अमेरिकेत सुरू झालेलं नाही बरं का! वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत हग्गादा नावाची पोथी वाचतात. पुण्यात १८७४ साली तिची हिब्रू-मराठी आवृत्ती छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत सणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका चक्क आपल्या पद्धतीची वस्त्रं नेसलेल्या आहेत. पोथी हजारो वर्षांपूर्वीच्या मिसर देशातल्या सुटकेची, आणि चित्रात आपल्या शेजारणी! एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने त्यांच्याकडे मलिदा करतात, त्यातही पोहे, गूळ-साखर आणि ओलं खोबरं. प्रार्थना हिब्रू, ताट कोकणातलं.

हे सगळं मला एवढं जवळचं का वाटलं, सांगते. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. सासूबाईंचे गुडघे गेले. जाऊबाई पुण्याला, त्यांना तीन दिवस रजा मिळत नाही. गेल्या वर्षी जेवणं उरकल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "मुखवटे देवळात देऊन टाकावेत का गं? पुढे कोण करणार?" कुणीच काही बोललं नाही. तेवढ्यात माझी बारा वर्षांची लेक म्हणाली, "आजी, मी करीन. पण माझी धाकटी महालक्ष्मी पुस्तक वाचत बसलेली असेल." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाल्या, "मुखवट्याला हात लावायचा नाही. सोळा भाज्या चुकवायच्या नाहीत. दारातून पावलांनीच आणायची. मग पुस्तक वाचू दे, नाही तर सायकल चालवू दे."

बघा, मेझुझाचं नावही न ऐकलेल्या बाईने नेमकं तेच सांगितलं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. आकाशकंदील करताना पोरं विचारतात, "बाई, असा केला तर चालेल?" त्या प्रश्नावर मला हल्ली भरून येतं. विचारतात म्हणजे त्यांना तो करायचा आहे! ज्या वस्तूबद्दल कुणी काहीच विचारत नाही, ती माळ्यावरच्या पेटीत जाते आणि एक दिवस मोडीत निघते. आमच्या सराफ्यात अशी मोड तोलली जाताना मी पाहिली आहे. तागडीत फक्त चांदी तोलतात, आजी तोलत नाहीत.

तर सण तोंडावर आले, की घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसा आणि दोन याद्या करा: एकीत मुळीच बदलायच्या नाहीत अशा गोष्टी, दुसरीत बदलल्या तरी चालतील अशा. पहिली यादी वाटते तेवढी लांब निघत नाही. दुसरी मुलींच्या हाती देऊन टाका. आमच्याकडे यंदा पुठ्ठ्याचं पुस्तक तयार होतंय, आणि त्याला चंदेरी कागदाचं वेष्टन सासूबाईच घालताहेत.