महुआडांडचे न दिसलेले लांडगे

सम्मेदशिखरजीची वंदना आटोपल्यावर महाराष्ट्रातील बहुतेक यात्रेकरू पावापुरी-चंपापुरीकडे वळतात. सोलापूरच्या एका आडत व्यापाऱ्याच्या कुटुंबाने मात्र गेल्या पौषात वेगळी वाट धरली. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या त्या पहाडाची सत्तावीस किलोमीटरची वाट मुलगा, सून आणि अकरा वर्षांचा नातू यांनी पायी पूर्ण केली. आजोबा डोलीतून गेले. मधुबनहून मंडळी रांचीस आली आणि दुसऱ्या दिवशी नेतरहाटचा घाट चढू लागली. हा हट्ट नातवाचा होता. झारखंडात लांडग्यांसाठी राखलेले अभयारण्य आहे, हे त्याने कोठेतरी वाचले होते.

नेतरहाटचे पठार सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. नासपतीच्या बागा, चीडची झाडे आणि हाडांत शिरणारी थंडी अशी त्या गावाची ओळख. मंडळींनी नियमाप्रमाणे दिवसाउजेडी जेवण उरकले आणि मग मॅग्नोलिया पॉइंटवरून सूर्यास्त पाहिला. महुआडांडचे अभयारण्य याच डोंगराळ मुलखात, लातेहार जिल्ह्यात आहे. सुमारे ६३ चौरस किलोमीटरचे हे सालवन १९७६ साली लांडग्यांसाठी संरक्षित झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षकाने जीप वनाच्या कडेलाच थांबवली. थंडीचे दिवस हा माद्यांचा विण्याचा काळ. अशा वेळी गुहांजवळ माणूस गेला तर मादी पिल्लांना तोंडात धरून जागा बदलते, असे त्याने सांगितले. ओल्या मातीत उमटलेले पंजे त्याने दाखवले आणि दूरच्या टेकडीकडे बोट केले. तेथे केवळ धुके होते.

नातवाचा चेहरा उतरला. त्याची समजूत घालताना वनरक्षकाने गावांची रीत सांगितली. या भागातील उराँव आणि इतर आदिवासी समाज चैत्रात, साल फुलल्यावर, सरहुलचा सण करतात. तो होईपर्यंत सालाची नवी फुले-पाने तोडायची नाहीत, अशी परंपरा आहे. त्यामुळे नेमक्या विणीच्या महिन्यांत वनात माणसांची वर्दळ कमी राहते आणि पिल्ले निर्धास्त वाढतात.

"म्हणजे आपल्या चातुर्मासासारखेच," सूनबाई म्हणाल्या. पावसाळ्यात पायांखाली जीव येऊ नयेत म्हणून मुनिमहाराज विहार थांबवतात. येथे सणाची वाट पाहत गाव थांबते. हेतू निराळे असतील, परंतु पाऊल आवरल्याने जीव वाचतात, हे दोन्हीकडे सारखेच.

नातवाचे समाधान झाले नाही. "आजोबा, लांडगा तर मेंढ्या मारून खातो. मग त्याला वाचवले म्हणजे हिंसेला मदत नाही का झाली?"

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी घरात कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी दुकानात कीटकनाशकेही विकली जात. एका संध्याकाळी खातेदार धनगर आला. लांडग्याने त्याच्या सात मेंढ्या मारल्या होत्या. त्याने औषध मागितले. ते कशासाठी हवे, हे आजोबांना कळले होते. तरी त्यांनी ते उधारीवर दिले. मेलेल्या मेंढीत ते घातले गेले. आठवड्याने माळावर एक मादी मेलेली सापडली, तिला दूध येत होते. पिल्लांचे काय झाले, हे कोणी पाहिले नाही. श्रावकाला विषाचा व्यापार वर्ज्य का, हे त्यांना त्या दिवशी समजले. पुढच्या पाडव्यापासून तो माल दुकानातून गेला.

"लांडगा भुकेने मारतो, बाळ. त्याला दुसरी वाट नाही. मला होती."

"आणि धनगराला?" नातवाने विचारले.

या प्रश्नाला उत्तर नव्हते. सोलापूरच्या माळरानांवर लांडगे आजही आहेत. माणूस त्यांना जगू द्या म्हणतो, पण त्याची किंमत फिरत्या धनगराच्या कळपातून वसूल होते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर पुण्य एकाच्या खात्यावर जमा होते आणि नावे पडते दुसऱ्याच्या.

परत आल्यावर आजोबांनी मुलाला आणि मुनिमांना बोलावून घेतले. लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाई वनविभाग देतो. परंतु वेळेत खबर देणे, पंचनामा, कागदपत्रे हे सारे रानोमाळ भटकणाऱ्या माणसाला झेपत नाही. यापुढे खातेदार धनगराचे जनावर गेले, तर अर्ज दुकानातून भरला जाईल आणि भरपाई हाती येईपर्यंत त्याच्या उधारीचा तगादा होणार नाही, असे ठरले.

नातवाने वहीत पंजाचे चित्र काढून ठेवले आहे. लांडगा दिसला का, असे शाळेतील मित्र विचारतात. "नाही," तो सांगतो, "आम्ही पुढे गेलोच नाही."