शनिवार झाला का?

मिस्त्री माझ्याकडे आले तेव्हा मला वाटलं, मीच त्यांना काम दिलं. प्रत्यक्षात कोणी कोणाला काय दिलं, हे कळायला मला तीन वर्षं लागली आणि एक स्लॅब फोडावा लागला.

2013 साली नोकरी सोडून मी पिरंगुटला लहानसहान बांधकामं घ्यायला लागलो. मिस्त्री मुळशी धरणाच्या वरच्या अंगाचे, सेंटरिंगच्या कामात केस पांढरे झालेले. पहिले दोन बंगले त्यांच्याच जिवावर उभे राहिले. मी मात्र श्रेय स्वतःच्या खात्यात मांडलं. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांमुळे माण, मारुंजी, भूगाव सगळीकडे बांधकामं निघत होती. मी एकदम चार साइट्स घेतल्या. एकीकडे मिळालेली उचल दुसरीकडच्या सळईला, तिथलं बिल तिसरीकडच्या सिमेंटला. याची टोपी त्याला घालण्याला मी धंदा वाढवणं समजत होतो.

2016 च्या मे महिन्यात चौथ्या साइटला सेंटरिंगच्या प्लेटा कमी पडल्या. भूगावच्या बंगल्यावर हॉलचा स्लॅब घालून नऊ दिवस झाले होते. स्पॅन साडेचार मीटरहून मोठा असेल तर टेकू किमान 14 दिवस ठेवायचे, हे मी डिप्लोमाला पाठ केलं होतं. तरी म्हणालो, "मिस्त्री, आजच खोला." ते म्हणाले, "शेठ, तुमची घाई तुम्हाला ठावं. स्लॅबला कशी कळायची?" माणसांसमोर मी त्यांना नको ते बोललो आणि दुसरी टोळी लावून टेकू काढले. दोन दिवसांत स्लॅब मधोमध बसला, खालून चीर गेली. मालकाचा फोन आला तेव्हा मिस्त्री माझ्याआधी तिथे पोचले होते. दुसरं कोणी खाली जाऊ नये म्हणून दाराला आडवी बल्ली बांधून कडेपासून आत एकेक टेकू परत लावत होते. मला एका शब्दानं बोलले नाहीत. तो हॉलचा स्लॅब मी स्वखर्चानं फोडून पुन्हा घातला. माफी मात्र मागितली नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

त्या खर्चातून वर येतो तोच 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. त्या शनिवारी, 12 तारखेला, चाळीस माणसांचा आठवड्याचा पगार वाटायचा होता आणि खात्यातून आठवड्याला 20 हजारच काढता येत होते. मी फोन बंद करून घोटावडे फाट्याजवळ गाडीत बसून राहिलो. मिस्त्री शोधत आले. काच खाली करायला लावून म्हणाले, "पैसं नाय हे सांगायला पैसं लागत नाय. चला."

जाताना गाडीत त्यांनी आज्याची गोष्ट सांगितली. त्यांचं गाव धरणात गेलेलं. "घर गेल्याचं दुःख आज्याला होतंच. पण पाणी दारात कधी येनार, हे कुनी धड सांगितलं नाय, त्याचा सल मरेपतूर गेला नाय."

साइटवर त्यांनी हजेरीची वही माझ्या मांडीवर ठेवली आणि मला माणसांसमोर पालथ्या घमेल्यावर बसवलं. मी खरं ते सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. बायकापोरं सोबत असणाऱ्यांना आधी थोडे थोडे पैसे दिले. बाकीच्यांच्या धान्यासाठी मिस्त्री स्वतः किराणावाल्याकडे जामीन राहिले. वहीत ज्याच्या नावापुढे बाकी राहिली, तिथे त्यांनी पेन्सिलीनं बारीक फुली केली. पुढच्या तीन आठवड्यांत एकेक फुली खोडली गेली. चाळीसांतला एकही माणूस सोडून गेला नाही.

त्यानंतर मी एका वेळी दोनच साइट्स घ्यायला लागलो. प्रत्येक साइटचं खातं वेगळं ठेवलं. देणं थकणार असं दिसलं की आधीच फोन करायला शिकलो. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, तेव्हा माणसांना कसं तोंड द्यायचं ते मला कोणी सांगावं लागलं नाही. वही घेऊन मीच साइटवर गेलो.

मिस्त्रींना आता शिडी चढवत नाही. कामाच्या शेवटच्या दिवशी मी त्या स्लॅबची माफी मागितली. ते म्हणाले, "कंचा स्लॅब?" आणि हजेरीच्या वहीत इतरांसारखाच अंगठा उठवून पगार घेऊन गेले.

आता दर शनिवारी संध्याकाळी मी त्यांना फोन करतो. ते एकच विचारतात, "शनिवार झाला का?" मध्यंतरी एका मालकाचं बिल अडकलं. मी म्हणालो, "नाही झाला, मिस्त्री. सोमवारी होईल."

"मान्सांना सांगितलं?"

"दुपारीच."

"मंग झाला," म्हणाले आणि फोन ठेवला.